पहिले दहा देवाचे

टेप शून्यापासून लावली होती. बाकी सगळं नेहमीचंच. तेच करड्या पत्र्याचं टेबल, वरून पडणारा तोच पांढराफटक उजेड, त्यावर पालथा घातलेला ऑलिव्ह रंगाचा लांब कोट, बाह्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या. कॉलरखालच्या शिवणीवर टेपचं पितळी टोक नीट टेकवलेलं आणि तिथून एक, दोन, तीन असे सेंटीमीटरचे आकडे सरळ खाली घेरापर्यंत गेलेले. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, परत लहान केला, परत मोठा केला. मुलुंडच्या एका बाईंना हा कोट घालून मनालीला जायचं होतं. शिवण उसवलेली नाही ना आणि बटणं सगळी आहेत ना, एवढंच मला बघायचं होतं. बटणं सगळी होती. शिवण झकास होती. माझा चहा ओट्यावर तसाच राहिला आणि त्याच्यावर साय धरली.

माझा धंदा सांगायला सोपा आहे. बायका मला परदेशी कपड्यांचे फोटो पाठवतात, मी ते तिकडच्या दुकानांतून मागवते. दुकानं माल थेट इथे पाठवत नाहीत. तो आधी तिकडच्याच एका बंदराच्या शहरात, एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये जमा होतो. तिथला माणूस पाकीट फोडतो, कपडा टेबलावर पसरतो, टेप लावतो, फोटो काढतो. ते फोटो माझ्या फोनवर येतात. मी घाटकोपरात भटवाडीच्या सातव्या मजल्यावर बसून डाग बघते, चेन बघते, अस्तर बघते आणि खाली 'अप्रूव्ह' लिहिलेलं असतं तिथे बोट टेकवते. बोट टेकवेपर्यंत कपडा तिथून हलत नाही. टेकवल्यावर मात्र तो तुमचा, मग रडा नाहीतर डोकं आपटा, कुणी ऐकून घेणार नाही. म्हणून मी हे काम सकाळी, डोळे ताजे असताना करते. मैत्रिणी म्हणतात, मज्जा आहे यार तुझी, घरबसल्या फॉरेनची शॉपिंग. मी हसते. कपडे मी शेवटी बघते हे त्यांना कशाला सांगू? फोटो उघडला की माझी नजर आधी कडेला जाते, जिथे टेप धरलेला हात असतो. तो हात माझ्या भावाचा असतो.

म्हणजे असायचा.

माझ्या भावाला, सिद्धेशला, तिकडे नितेशने पाठवलं. नितेश आमच्या जुन्या चाळीतला, सिद्धेशबरोबर पतंग उडवलेला. आता त्याचं मेट्रो स्टेशनखालच्या गल्लीत ऑफिस आहे आणि तो पोरांना बाहेरगावी कामाला लावतो. एसीत उभं राहून फोटो काढायचे, राहणं-खाणं कंपनीचं, आणखी काय पाहिजे? सिद्धेश मॉलमध्ये उभं राहून कंटाळलेला होता. पायाला चाक लागल्यासारखा गेला, आणि तिथे रुळल्यावर त्यानेच मला या धंद्याला लावलं. "अप्पू, तुझा एक कस्टमर नंबर बनव इकडे," त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं. मागे दुमजली लोखंडी खाटा दिसत होत्या आणि कुणीतरी परक्या भाषेत गाणं म्हणत होतं. "तुझ्या नंबरचं पार्सल रॅकवर आलं ना, की मीच उचलणार. दुसऱ्या कोणाला हात नाही लावू देणार." आणि खरंच, माझ्या प्रत्येक फोटोत तोच हात यायचा. अंगठ्याच्या मुळाशी इस्त्रीचा चटका बसलेला, सहा वर्षांचा असताना बाबांच्या टेबलावर चढला होता तेव्हाचा. पहिल्याच फोटोत त्याने अंगठा वर केला होता. मग एकदा करंगळी दाखवली, कट्टी म्हणून, कारण मी त्याच्या वाढदिवसाला फोन केला नव्हता. गणपतीत त्याने एका लाल ड्रेसच्या घेरावर दोन्ही हात जोडून ठेवले. ड्रेस कसला ते मला आठवत नाही, तो अप्रूव्ह केला होता एवढं खरं.

आणि टेप दहापासून. तीच त्याची खूण, पण ती खूण म्हणून त्याने कधी केली नव्हती. ती सवय होती, बाबांकडून आलेली. आमचे बाबा, दत्ताराम, गिरणी बंद पडल्यावर शिलाईकडे वळले. साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले हात सुईवर बसायला वेळ लागला, पण बसले. चाळीच्या जिन्याखाली मशीन टाकली आणि अर्ध्या भटवाडीच्या पँटी शिवल्या. त्यांची टेप पहिल्यापासूनच जुनी. टोकाचं पितळ निखळलेलं, सुरुवातीचे आकडे घामाने पुसलेले. म्हणून ते दहावर अंगठा ठेवून माप घ्यायचे आणि मनात दहा वजा करायचे. आईने नवीन टेप आणून दिली तरी सवय गेली नाही. उलट तिचं त्यांनी शास्त्र बनवलं. "पयले धा देवाचे," असं ते गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावताना म्हणायचे. "जित्या माणसाचा माप शून्यापासून घेव नये. मागे कायतरी रवाक होया." जिवंत माणसाच्या मागे काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब. एकदा चाळीतला मधुकर वारला आणि त्याच्या पोरांनी त्याला नवीन सदरा घालायचा म्हणून बाबांना बोलावलं. मी दारातून बघत होते. बाबांनी त्या दिवशी टेप टोकापासून लावली. घरी येऊन ते बराच वेळ हात धूत होते.

हे सगळं मला तो कोट बघताना आठवलं असं म्हणणं खोटं ठरेल. आठवलं काहीच नाही. आठवणी मागाहून, दुपारी, कपडे वाळत घालताना आल्या. त्या सकाळी मी फक्त एवढं केलं की फोन पालथा ठेवला. कारण आई पूजा उरकून पदराला हात पुसत येत होती आणि तिचं रोजचं वाक्य मला चपलांच्या आवाजासारखं आधीच ऐकू येत होतं.

"दाखव गो त्याचो हात."

हा आमच्या घरातला नेम होता. देवाला फूल वाहून झालं की मालनबाई, म्हणजे माझी आई, माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसायच्या आणि फोटो बघायच्या. कपड्यांवर तिचं एकच मत, "ह्या काय आंगार घालतत?" पण हाताबद्दल मतं भरपूर. हात भरलाय. हात काळवंडलाय, उन्हात पाठवतात वाटतं. नखं वाढलीत, सांग त्याला. मग ती स्क्रीनवर, बरोबर चटक्याच्या डागावर, बोट ठेवायची आणि फोटो पुढे सरकून जायचा, मला परत मागे आणावा लागायचा. शेवटी टेपवरचा आकडा वाचायची. बाबांच्या मशीनपाशी तीस वर्षं टेपचं दुसरं टोक धरलेली बाई ती, आकडा दिसला की तिला राहवत नसे. "सत्तर. म्हणजे साठ," असं मोठ्याने म्हणायची आणि उठून भाजी चिरायला जायची. दिवस सुरू झाला, असा त्याचा अर्थ होता.

व्हिडिओ कॉल आधी बंद झाले. तो म्हणाला, कंपनी फोन जमा करून घेते, रविवारी देते. मग रविवारीही फोन आला नाही, नुसते मेसेज आले. मी बरा आहे, काम जास्त आहे, आईला सांग. त्याच्या मेसेजमध्ये पूर्वी शिव्या असायच्या, जेवणाला नावं ठेवलेली असायची, वरच्या खाटेवरचा पोरगा झोपेत रडतो असं काहीबाही असायचं. आता ते इस्त्री केल्यासारखे सपाट झाले. फोटोत अंगठा वर होईना, करंगळी दिसेना, हात फक्त टेप धरायचा. मी मनाला समजावलं, साहेबाने झापलं असेल, कामावर कसले खेळ करतोस म्हणून. मग पावसाळ्याच्या शेवटी हातमोजे आले. पांढरे, कापडी, मनगटापर्यंत. आईने पहिल्यांदा बघितले तेव्हा म्हणाली, "थंय थंडी आसा काय?" मी म्हटलं, नाही गं, कपड्यांना डाग लागू नये म्हणून. तिने मोज्याच्या अंगठ्यावर, जिथे आत चटका असणार तिथे, बोट ठेवलं. टेप तेव्हा दहापासूनच होती. म्हणून मी निर्धास्त होते, हात झाकला तरी टेप त्याचं नाव सांगत होती.

तर त्या सकाळी मी फोन सुलटा केला आणि कोट दाखवला. करणार काय, दाखवला नसता तर तिला जास्त कळलं असतं. ती नेहमीसारखी वाकली. मी तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. आमच्या डोंगरावरून विमानं इतकी खालून उतरतात की नवखा माणूस मान आखडून घेतो. एक विमान आत्ता चाकं काढून चाललं होतं. आई म्हणाली, "एकशे धा. म्हणजे शंभर," आणि उठली. मला सुटल्यासारखं झालं. तिला दिसलं नाही. सवयीने वजाबाकी करून ती कांदा चिरायला गेली. चला, ही भीती निदान एकटीची आहे, असं मला वाटलं. कोट खरंच एकशे दहाचा होता, मी दुकानाच्या मापांशी ताडून बघितलं.

मग मी अक्कल चालवायला लागले. अक्कल म्हणजे काय, घाबरलेल्या माणसाच्या उलाढाली. अप्रूव्ह न करता मी 'आणखी एक फोटो हवा' यावर बोट ठेवलं. बाहीचं माप परत घ्या, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला, बाही, मोजा, टेप, टोकापासून. आणखी एक ऑर्डर दिली, नको असलेला एक मफलर. टोकापासून. कधीकधी मनात यायचं की सरळ लिहावं, टेप दहापासून लावा. पण मग बोट थांबायचं. एकदा सांगितलं की कुणीही दहापासून लावेल. मोज्यातला कुठलाही हात सांगितलेलं काम मुकाट करील आणि मग सिद्धेश आणि न-सिद्धेश यांत मला कधीच फरक करता येणार नाही. माझ्याजवळ त्याची ती एकच गोष्ट उरली होती जी कुणाला माहीत नव्हती, आणि ती मी कुणाला सांगून टाकणार नव्हते. मी त्याच्या नंबरवर मेसेज केला, "बाबा माप घेताना काय म्हणायचे?" उत्तर संध्याकाळी आलं. "मी बरा आहे. काम जास्त आहे. आईला सांग." मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. आतून आईने विचारलं, "कोणाचो मेसेज?" मी म्हटलं, त्याचाच.

नितेशकडे गेले. त्याच्या ऑफिसात काचेच्या टेबलावर ग्लोब आहे आणि भिंतीवर विमानाचं चित्र. त्याने चहा मागवला, मी घेतला नाही.

"अपूर्वा, तू उगाच टेन्शन घेते यार. पीक सीझन चालू आहे तिकडे. मला पण रिप्लाय नाही देत तो."

"हात त्याचा नाहीये, नितेश."

"हातमोजा घातलाय म्हणतेस ना? मग हात कसा ओळखलास?"

मी सांगितलं नाही. त्याला तर मुळीच नाही. "मला त्याच्याशी बोलायचंय," म्हटलं. "आवाज ऐकव त्याचा, बास."

"बघतो ना. मी कॉन्टॅक्टला बोलतो." त्याने ग्लोब एका बोटाने जरासा फिरवला आणि लगेच थांबवला. "डिपार्टमेंट बदललं असेल गं. पोरं हलवतात ते इकडून तिकडे. सिद्धेशच्या साइटवरची दोन-तीन पोरं मागच्या महिन्यात दुसरीकडे नेली."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि तेव्हा मला दिसलं की तोही घाबरला आहे. नुसता चोर असता तर मी त्याची कॉलर धरली असती. पण त्यालाच माहीत नव्हतं. त्याने लहानपणचा मित्र कुठल्यातरी दारातून आत ढकलला होता आणि दार कुठे उघडतं हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. "सांगतो तुला," तो म्हणाला, "दोन दिवस दे." मग त्याचा फोन लागेनासा झाला, आणि परत गेले तेव्हा ऑफिसला कुलूप होतं. बाजूचा झेरॉक्सवाला म्हणाला, गावी गेलाय, आजी सिरीयस आहे. नितेशच्या दोन्ही आज्या आमच्या चाळीतच वारल्या होत्या.

चौकीतही जाऊन आले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तसं म्हणायला हवं. मुलगा सज्ञान आहे ना? स्वतः गेलाय ना? मेसेज येतायत ना? मग मिसिंग कसा? मी त्यांना फोटो दाखवले. कोट, मफलर, मोजा. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, यात काय बघू?" आणि खरंच, काय बघणार? मी त्यांना टेपचं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला, माझे वडील दहापासून माप घ्यायचे हो. मी तोंड मिटलं. त्या म्हणाल्या, काहीतरी हातात घेऊन या, काहीतरी वस्तू, म्हणजे पुढे पाठवता येईल. मी धन्यवाद म्हटलं आणि भटवाडीचा चढ चढून घरी आले.

या सगळ्या दिवसांत सकाळचा नेम चालूच होता. आई खुर्ची ओढायची, मी फोटो उघडायचे, ती मोज्यावर बोट ठेवायची आणि आकड्यातून दहा काढायची. चुकीचं माप ती किती खात्रीने म्हणायची! मला तिचा राग यायचा. इतकी वर्षं टेप धरलीस आणि तुला एवढं दिसू नये? मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण तिला दिसू नये म्हणूनच तर मी फोटो दाखवताना ते टोक स्क्रीनच्या बाहेर सरकवत होते. कपडे बघणं तर सुटलंच होतं. बोरिवलीच्या एका मुलीला फाटक्या अस्तराचं जॅकेट गेलं, तिने स्टोरी टाकून माझी पार वाट लावली. मला काही वाटलं नाही. रस्त्यात बायकांच्या अंगावर माझे कोट दिसायचे आणि मनात यायचं, हा मोज्याच्या आधीचा, हा नंतरचा.

मग शर्ट आला.

मी कपबशा विसळत होते आणि ओट्यावर फोन वाजला. तुमच्या नंबरवर एक नवीन वस्तू जमा झाली आहे, फोटो तयार आहेत. मी काहीच मागवलेलं नव्हतं. वस्तूच्या नावाच्या जागी 'पुरुषांचा शर्ट, वापरलेला' एवढंच होतं. दुकानाच्या नावाची जागा कोरी. ओल्या बोटाने फोटो उघडेना, गाउनला हात पुसला आणि उघडला. करड्या पत्र्यावर निळ्या चौकटीचा शर्ट पसरला होता. बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली. तिसरं काजं जरासं खाली उतरलेलं.

ते काजं बाबांचं होतं. त्यांच्या शेवटच्या दिवसांत, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत ढकलत शिवलेला तो शेवटचा शर्ट. काजी ते हातानेच करायचे आणि तिसऱ्या काजाला त्यांची नजर चुकली. सिद्धेश म्हणाला होता, "राहू दे बाबा, फॅशन आहे." कॉलेजसाठी शिवलेला शर्ट त्याने जपून ठेवला आणि तिकडे जाताना विमानतळावर घालून गेला. आई म्हणाली, नवीन घाल. तो म्हणाला, "आये, बाबा असूदेत सोबत." आत शिरण्याआधी तो वळला तेव्हा मला त्याची पाठ नाही, ते तिसरं बटण दिसलं होतं, जे थोडं ओढल्यासारखं बसायचं आणि त्यामुळे छातीवर एक सुरकुती पडायची. आता त्या शर्टात कुणी नव्हतं, सुरकुतीही नव्हती, आणि छातीवर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप आडवी ठेवली होती, पितळी टोक बरोबर डाव्या शिवणीवर. पुढच्या फोटोत कॉलर जवळून. त्याच्या पुढच्या फोटोत बाहीवर एक तपकिरी डाग, आणि त्या डागाशेजारी कुणीतरी नियमाप्रमाणे लहानसा लाल बाण चिकटवला होता, दोष दाखवायला. माझ्याकडून डाग सुटू नये म्हणून घेतलेली ती काळजी बघून मी ओट्याला धरून खाली बसले.

खाली तीन पर्याय होते. अप्रूव्ह. विक्रेत्याला परत. नष्ट करा.

कुणी ठेवला असेल हा माझ्या नंबरवर? त्याने स्वतः? 'तुझ्या नंबरचं पार्सल मीच उचलणार.' म्हणजे कुठेतरी तो आहे, बोलता येत नाही म्हणून अंगातला शर्ट काढून त्याने माझ्या रॅकवर टाकला आहे. की कुणी त्याची खाट रिकामी केली, आणि त्याने आधीच कुणाला तरी, त्या झोपेत रडणाऱ्या पोराला, हा नंबर सांगून ठेवला होता? मी पहिल्या शक्यतेला धरून ठेवायचे आणि दुसरी तिला माझ्या हातातून ओढून न्यायची. अप्रूव्ह केलं तर शर्ट येईल आणि चौकीतल्या बाईंच्या टेबलावर ठेवायला माझ्याकडे वस्तू असेल. पण अप्रूव्ह म्हणजे मान्य. एकदा माझं बोट टेकलं की माल आमचा. मी इतके कोट, इतके झगे डोळे झाकून मान्य केले, आणि आपल्याच घरातला एक शर्ट मला मान्य करवेना.

"दाखव गो."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आज काही नाही आलं," मी म्हटलं. ती भिंतीला धरून, गुडघ्याला शिव्या देत माझ्या बाजूला फरशीवर बसली आणि हात पुढे केला. फोन काढून घेण्यासाठी नाही, नुसता पुढे केला, बाबा कात्री मागताना करायचे तसा. मी तिच्या हातावर फोन ठेवला.

तिने शर्ट बघितला. तिसऱ्या काजावर बोट ठेवलं. फोटो सरकला नाही, कारण तिने बोट हलवलंच नाही. कॉलर बघितली, डाग बघितला, लाल बाण बघितला. मग परत पहिल्या फोटोवर आली आणि टेपवरून तिचं बोट उजवीकडे, दुसऱ्या शिवणीपर्यंत, गेलं. मला तिचं पुढचं वाक्य माहीत होतं. छपन्न, म्हणजे शेहेचाळीस. शर्ट आटला गो, गरम पाण्यात घातल्यान वाटता, असं काहीतरी ती म्हणेल आणि मी हो म्हणेन, असं मी मनात तयार ठेवलं होतं.

"छपन्न," आई म्हणाली.

मी वाट बघितली. वर एक विमान गेलं, खिडकीची काच थरथरली आणि थांबली. दहा तिने काढलेच नाहीत.

"आई?"

"बरोबर आसा. बावीस इंच. तेच्यासाठी मीच धरलेलंय टेप." तिचा आवाज कोरडा होता. "माका म्हायत आसा गो. त्या हिरव्या कोटापासून बघतंय. तुका सांगूक नाय. तू टोक लपवी होतंस, माका वाटला तुका तरी झोप लागांदे."

म्हणजे इतक्या सकाळी ती माझ्या शेजारी बसून चुकीची वजाबाकी करत होती. मोठ्याने, मला ऐकू जाईल अशी. मला रडू फुटलं. तिला फुटलं नाही. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, पण लक्ष तिचं शर्टाकडेच होतं. "घराक येवंदे तो," ती म्हणाली. "थंय नको रवाक. कर काय करूचा ता." मी बोट पुढे नेलं आणि ते हवेतच राहिलं. मग तिने माझं बोट आपल्या मुठीत धरलं, लहानपणी पाटीवर गिरवून घ्यायची तसं, आणि टेकवलं.

आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. उठून करण्यासारखं खूप होतं, चौकीत जायचं होतं, वकील शोधायचा होता, नितेशच्या गावचा पत्ता काढायचा होता, आणि ते सगळं मी त्याच दिवशी सुरू केलं. पण उठण्याआधी फोन परत वाजला. अप्रूव्ह केल्यावर ते पाकीटबंद मालाचा एक शेवटचा फोटो पाठवतात, तो होता. पारदर्शक पिशवीत घडी घातलेला शर्ट, निळी चौकट वर, आणि पिशवीचं तोंड दाबून धरणारा हात. चिकटपट्टी मोज्याला लागते म्हणून असेल, पण त्या हातात मोजा नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी काही नव्हतं. हडकुळा, सावळा, सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा हात, नखं कुरतडून कुरतडून मागे गेलेली.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला आणि रोज बघायची तितकाच वेळ त्या हाताकडे बघितलं. मग त्या परक्या अंगठ्यावर तिने आपलं बोट ठेवलं.

"नखां बघ कशी खाल्लीहत," ती म्हणाली. "ह्येची आई खंय बसान बघता आसतली?"